जर्सी देणाऱ्याचं नाव

अकलूजचा इतिहास लिहायला घेतला की नीरेकाठचा भुईकोट किल्ला येतो, १६८९ साली इथे पडलेली औरंगजेबाची छावणी येते, आणि मग थेट विसाव्या शतकात उडी मारून कालवा, ऊस आणि साखर कारखाने येतात. कुस्तीला मानाचं पान मिळतं आणि ते रास्तच आहे. फुटबॉलला मात्र एक ओळही मिळत नाही. ऐंशीच्या दशकात काही वर्षं या परिसरात रविवारी सकाळी नियमाने फुटबॉल खेळला जात होता. पंच असायचा, शिट्टी असायची, काठावर पन्नास-शंभर माणसं उभी असायची. मी त्या संघात राइट हाफ खेळलो. पुढे आयुष्यभर क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली, पोरांना खो-खो, कबड्डी, कुस्ती सगळं शिकवलं, पण त्या संघाबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत याची सल मनातून गेली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

अकलूजसारख्या गावात फुटबॉल आला कुठून, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. तो कालव्याने आणि कारखान्यांनी आणला, असं माझं उत्तर आहे. नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याचा हा पट्टा भिजला. १९३२ साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला, त्यातून माळीनगर उभं राहिलं. पाठोपाठ १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना श्रीपूरला. साठच्या दशकात शंकरराव मोहिते-पाटलांचा सहकारी कारखाना सुरू झाला. कारखाना आला की वसाहत येते, वसाहतीत बाहेरगावचे इंजिनिअर, केमिस्ट, फिटर येतात. त्यांच्यामागून बँका, पाटबंधारे खातं, वीज मंडळ. ही बदलीवर आलेली माणसं. कुणी मिरजेचा, कुणी बेळगावचा, कुणी कोल्हापूरचा. संध्याकाळी करायचं काय? कुणीतरी ट्रंकेतून चेंडू काढला. सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका हवालदारांनी शिट्टी हातात घेतली. आमचा संघ असा जमला.

खेळायचो कुठे, तर चोपणावर. कालव्याच्या पाण्याने सोनं पिकवलं तसं काही रानांचं वाटोळंही केलं. पाणी मुरत राहिलं, निचरा नाही, खार वर आला, आणि जमीन चोपण झाली. तिथे ऊस येत नाही, ज्वारीही येत नाही. उन्हाळ्यात वर पांढरी पापडी धरते आणि खालची माती फरशीइतकी टणक होते. जे पाहून शेतकरी कपाळाला हात लावायचा ते रान आम्हाला सपाट मैदान म्हणून मिळालं. मालकाने कधी हटकलं नाही. पाऊस पडला की मात्र तिथे पाय ठेवता येत नसे. बुटाला किलोभर चिखल चिकटायचा, आणि बूट नसलेल्यांचा पाय घोट्यापर्यंत आत जायचा. आमच्यातले निम्मे अनवाणीच खेळत.

मैदान आखायला फक्की असायची. रस शुद्ध करायला कारखान्यात चुना लागतो, त्यातला घमेलंभर कुणीतरी आणायचा. गोलाचे खांब निलगिरीचे वासे, आणि वर आडव्या दांड्याऐवजी सुंभाची दोरी. चेंडू दोरीच्या वरून गेला की खालून, यावर दर रविवारी एक तरी वाद ठरलेला. हवालदारांचा निर्णय शेवटचा, त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे. चेंडू कातडी, आत रबरी ब्लॅडर, तोंडाला वादी. डोक्याने मारताना वादीची गाठ कपाळावर बसली की रक्त यायचं. बाभळीचा काटा रुतला की ब्लॅडर पंक्चर. मग वादी सोडायची, ब्लॅडर बाहेर काढायचं आणि सायकलवर टांग मारून पंक्चरवाल्याकडे पळायचं. तो येईपर्यंत बाकीचे बांधावर बसून राहत. शिवण उसवली तर गावातले चर्मकार कारागीर ती पुन्हा घालून देत, आणि त्यांच्या हातची शिवण कारखान्यातून आलेल्या शिवणीपेक्षा जास्त टिके.

गोली होता तो पॅनमन, म्हणजे कारखान्यात साखरेचा पाक शिजवणारा कसबी माणूस. गळीत हंगामात तो रात्रपाळी करून तसाच मैदानात येई, अंगाला मळीचा वास असे, डोळे लाल असत, आणि चेंडू मात्र हातातून सुटत नसे. लेफ्ट बॅक होता एक चिटबॉय. दिवसभर उसाच्या फडात टोळ्यांना तोडणीच्या चिठ्ठ्या देत सायकलवरून हिंडणारा. त्याच्या पायात जो दम होता तो मला पुढे बीपीएडला शिकलेल्या कुठल्याही व्यायामप्रकाराने कुणाच्या पायात आणता आला नाही. फॉरवर्डला बँकेतला कारकून, माझ्या पुढे कॉलेजचा एक मुलगा. जातीपातीचं, हुद्द्याचं भान गावात पावलोपावली राखावं लागे. मैदानात कारखान्याच्या इंजिनिअरला चिटबॉय “पास दे की!” असं ओरडू शकत होता. त्या काळच्या गावात हे लहान काम नव्हतं.

संघाला एक नाव नव्हतं, आणि हीच गोष्ट मला आज सर्वांत महत्त्वाची वाटते. जर्सी ज्याने दिली त्याचं नाव संघाला. एका वर्षी खताच्या दुकानदाराने दिल्या, त्याच्या दुकानाचं नाव पाठीवर आलं. पुढच्या वर्षी निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका उमेदवाराने. मग एका पतसंस्थेने. सोलापूरला स्पर्धेला जाताना नोंदणीच्या कागदावर दर वेळी वेगळं नाव लिहिलं जाई. त्यामुळे कुठल्या जुन्या कागदात आमचा संघ शोधावा म्हटलं तर तो सापडतच नाही. वेगवेगळ्या नावांचे चार संघ सापडतील, आणि ते चारही आम्हीच.

या संघाकडे बघताना माझ्या डोळ्यांपुढे कायम कोल्हापूर असायचं. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तोवर आमचा जिल्हा १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात मोडत होता. परीक्षेचे कागद, पदव्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, सगळ्याचा रस्ता कोल्हापूरला जाई. मीही त्याच रस्त्याने पंढरपूर, सांगोला, मिरज करत एसटीने शिकायला गेलो. तिथे शाहू स्टेडियममध्ये पहिला सामना पाहिला तेव्हा माझा विश्वास बसेना. आमच्याकडे कुस्तीच्या फडाला जशी गर्दी लोटते तशी गर्दी फुटबॉलला. म्हातारी माणसं, पेठेतली पोरं, पानपट्टीवाले, सगळे एकेका खेळाडूला नावाने हाका मारत होते. “अरं, त्याला धर की, सोडलास काय!” ही भाषा मी फक्त आखाड्याच्या कडेला ऐकली होती.

नंतर कळलं की तिथे आखाडा आणि फुटबॉल वेगळे नाहीतच. संघांची नावंच बघा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळ. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्यात कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमी फोफावल्या. संस्थानच्या अखेरच्या पर्वात, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली, आणि तिच्या छत्राखाली या तालमी फुटबॉलच्या मैदानात एकमेकींसमोर उभ्या राहू लागल्या. तालमीला इमारत असते. खाली कुस्तीचा हौदा, मारुतीची मूर्ती. वर एखादी खोली, तिच्यात ढाली आणि चषक. गणपती तिथेच बसतो. पेठेतलं पोरगं गणपतीची वर्गणी गोळा करतं, तेच संध्याकाळी सरावाला जातं, आणि खेळणं सुटलं की तेच कट्ट्यावर बसून पुढच्या पोरांना सुनावतं. खेळाडू बदलतात, तालीम जागेवर असते.

या ईर्ष्येचे दुष्परिणामही मी पाहिले. सामन्यात हाणामाऱ्या झाल्या, दगड आले, सामने बंद पाडावे लागले. अलीकडे बाहेरच्या राज्यांतून, अगदी आफ्रिकेतून खेळाडू आणून संघ उभे केले जातात, तेव्हा पेठेतल्या पोराची जागा जाते, आणि मला ते टोचतं. तरीही अनिकेत जाधवसारखा मुलगा कोल्हापुरातून निघून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जातो आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळतो, यामागे त्या शहरातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रविवारांची पुण्याई आहे, असं मी मानतो.

कोल्हापूरच्या उलट टोकाला मुंबई. तिथला फुटबॉल मी लहानपणी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर वाचला. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला, आणि पहिली कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींचाच होता. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सनी तो चषक जिंकला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम राष्ट्रीय संघाचेही गुरू होते, आणि त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. आमचे हवालदार हे नाव घेताना हात कानाला लावत.

मुंबईचे नामांकित संघ कंपन्यांचे होते. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स जिंकला, मफतलाल मिलने १९६५ साली. टाटा, बर्मा शेल, ऑर्के मिल, महिंद्रा, रेल्वेचे संघ. पद्धत साधी होती. चांगला खेळतो ना, मग नोकरी घे, दुपारनंतर सरावाला जा. त्या काळात गरीब घरातल्या खेळाडूला याहून मोठा आधार नव्हता. त्या कंपन्यांनी खेळाडूंची घरं चालवली हे विसरून चालणार नाही. पण संघाचा जीव कंपनीच्या ताळेबंदात अडकलेला होता. १९७६ साली सरकारने बर्मा शेल आणि कॅल्टेक्स ताब्यात घेतल्या आणि काही वर्षांत ती नावंच पाट्यांवरून पुसली गेली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले हजारो परत आत गेलेच नाहीत. आमच्या तालुक्यातलीही माणसं त्या गिरण्यांत होती. ती ट्रंका घेऊन गावी परत आली ते मला आठवतं. जिथे गिरणीच टिकली नाही तिथे गिरणीचा संघ, गिरणीचं नाट्यमंडळ, गिरणीची व्यायामशाळा कशी टिकणार? २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स चषकही बंद पडला. एकशेदहा वर्षांची स्पर्धा थांबली आणि आमच्याकडच्या वर्तमानपत्रात मला त्यावर अग्रलेख दिसला नाही.

महिंद्राची गोष्ट तर मला कळतच नव्हती. १९६२ सालापासूनचा हा संघ. २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक, २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचं विजेतेपद. म्हणजे हा पडता संघ नव्हता, देशातला अव्वल संघ होता. आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलवर लक्ष देऊ, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते कामही चांगलंच. पण अठ्ठेचाळीस वर्षं ज्यांनी तो लाल रंग आपला मानला, त्या प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायची पद्धतच नव्हती.

नंतर पुण्याची पाळी आली. आमच्या भागातला माणूस शिकायला, दवाखान्याला, नोकरीला पुण्यालाच जातो. त्यामुळे बालेवाडीत मोठे सामने होणार म्हटल्यावर माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी गेलो. पुणे एफसी २००७ साली अशोक पिरामल समूहाने उभा केला. २०१२-१३ मध्ये तो आय-लीगमध्ये दुसरा आला. माझ्या शाळेतली पोरं त्या संघाच्या खेळाडूंची नावं पाठ म्हणून दाखवत. २०१५ साली कल्याणी समूहाचा भारत एफसी आला आणि एकाच हंगामात संपला. त्याच सुमारास पुणे एफसीही मिटला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ असा जगला, मग त्याची जागा हैदराबादने घेतली. आणि शिवाजियन्स. हे नाव माझ्यासारख्याला सर्वांत जवळचं, कारण तो १९८७ पासूनचा, पुण्यातल्या हौशी खेळाडूंचा स्थानिक क्लब. २०१३ साली तो एका उद्योगसमूहाकडे गेला, डीएसके शिवाजियन्स झाला, आय-लीगपर्यंत पोचला, आणि २०१७ साली तिथून बाहेर पडला. गोव्याच्या डेरिक परेरा यांचं नाव या सगळ्यात पुन्हा पुन्हा येतं. महिंद्राला लीग जिंकून देणारे प्रशिक्षक तेच, पुणे एफसीला दुसऱ्या क्रमांकावर नेणारे तेच, आणि शिवाजियन्सनाही शिकवलं त्यांनीच. तिन्ही संघ आज नाहीत. इतक्या मोठ्या गुरूने घडवलेल्या तीन संघांपैकी एकाचंही दार आज उघडं नसावं, हे मला फार दुःखाचं वाटतं.

डीएसके शिवाजियन्सच्या जर्सीकडे पाहताना मला आमच्या खताच्या दुकानदाराची जर्सी आठवली, हे मी मनापासून सांगतो. देणारा मोठा असो की लहान, दुकानदाराने आमच्यावर उपकारच केले होते आणि उद्योगपतींनीही फुटबॉलवर उपकारच केले. पण ज्याने जर्सी दिली त्याची मर्जी किंवा ऐपत संपली की संघाकडे उरतं काय? कोल्हापूरच्या तालमीकडे खोली उरते, हौदा उरतो, पेठ उरते. आमच्याकडे चोपण रान उरलं होतं, आणि तेही दुसऱ्याचं.

आमचा संघ कुठल्या एका दिवशी बंद पडला असं सांगता येत नाही. मे-जूनमध्ये बदल्यांचे कागद यायचे, दर वर्षी दोन-तीन गडी जायचे. आधी बँकेतला फॉरवर्ड गेला, मग पाटबंधारेतले दोघे. पॅनमन दुसऱ्या कारखान्यात गेला, कारण सहकारी कारखाने गावोगाव निघत होते आणि चांगल्या पॅनमनला कुठेही मागणी होती. कॉलेजची पोरं लग्नं करून उसाच्या मागे लागली. १९८३ साली कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, आणि पाठोपाठ घराघरांत टीव्ही आला. टेनिस बॉलच्या क्रिकेटला ना बावीस गडी लागतात ना दीड एकर जागा. ट्रॅक्टरच्या बक्षिसापर्यंत मजल गेलेल्या क्रिकेट स्पर्धा मी नंतर पाहिल्या. क्रिकेटला दोष देणारे जुने फुटबॉलवाले पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. आमच्याकडे नवी पोरं घडवायची काही सोयच नव्हती, ती जागा क्रिकेटने भरली, एवढंच. हवालदार वारले. चोपण रानाचे पुढे चर खणून निचरे झाले, थोडी जमीन सुधारली, उरलेलीचे गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडले.

कुस्तीचं तसं झालं नाही. अकलूजला आजही मोठी मैदानं भरतात, गावोगावी तालमी आहेत. खो-खोचंही नाही. आमच्याच तालुक्यात वेळापूरला अर्धनारीनटेश्वराच्या नावाने चालणाऱ्या मंडळाने खो-खोचे खेळाडू घडवले आहेत. मंडळाला ग्रामदैवताचं नाव, म्हणजे ते कुण्या एकाच्या मालकीचं नाही, आणि जर्सी कुणीही दिली तरी नाव तेच राहतं. गाव जे आपलं मानतं ते सांभाळतं, याचा पुरावा दहा-बारा किलोमीटरवर होता. आम्ही फुटबॉलवाले मात्र गावात राहूनही वसाहतीतच राहिलो. आम्ही कधी एखाद्या तालमीच्या वस्तादाकडे जाऊन, आमचा चेंडू तुमच्या खोलीत ठेवू का, असं विचारलं नाही. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण ज्या सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर होतं, तिथे आषाढात लाखो माणसं येतात. एवढं मोठं मैदान पाहताना माझ्यातल्या क्रीडाशिक्षकाच्या डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंना गोलाचे खांब उभे राहतात.

शाळांमधून फुटबॉल अजून आहे. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकासाठी तालुका, जिल्हा, विभाग असे सामने होतात, आणि माळशिरस तालुक्यातल्या शाळाही संघ उतरवतात. मी स्वतः कित्येक वर्षं असे संघ घेऊन सोलापूरला गेलो. आता मुलीही खेळतात, आणि त्यांच्या खेळात मला आमच्या वेळेपेक्षा जास्त शिस्त दिसते. पण सतरा वर्षं पूर्ण झाली की त्या मुलाने, त्या मुलीने जायचं कुठे? अकरावी-बारावीनंतर तालुक्यात मोठ्यांचा संघ नाही. कोल्हापूरच्या पोराला तालीम आहे, आमच्या पोराला बारावीच्या निकालाबरोबर फुटबॉल सोडावा लागतो.

माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. पहिली, आमच्या त्या रविवारच्या संघातली जी माणसं अजून आहेत त्यांनी आपले फोटो, प्रमाणपत्रं, नोंदणीचे कागद एकत्र करावेत. मी माझ्याकडच्यांपासून सुरुवात केली आहे. पॅनमनच्या मुलाकडून मी एक फोटो मिळवला, त्यात पाठीवर पतसंस्थेचं नाव आहे आणि मागे दोरी लावलेला गोल दिसतो. त्या फोटोतल्या बहुतेकांची नावं मला सांगता आली, दोघांची राहिली आहेत, ती इतर कुणाला माहीत असतील. दुसरी गोष्ट तालमींच्या वस्तादांना. अकलूज परिसरातल्या एका तालमीने फुटबॉलचा एक संघ आपल्या नावाने उतरवावा. खर्च फार नाही. दोन चेंडू, एक जाळी, आणि चेंडू ठेवायला एक कोनाडा. रविवारी सकाळी शिट्टी वाजवायला मी येईन.